चहाचा उपास

आमच्या मंडळीत राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी एक यादी वाचून दाखवतात. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस उपासाचे दिवस म्हणजे लेंट, त्यात जो तो आवडीचं काहीतरी सोडतो. त्या दिवसांत कोणत्या संध्याकाळी कोणाच्या घरी प्रार्थनासभा, हे त्या यादीत असतं. पेणचं आमचं शांतिसदन मेथडिस्ट देऊळ लहान आहे. एकूण एकतीस घरं. बरीचशी पेण शहरातच, बाकीची रेल्वेच्या वाटेवर विखुरलेली. ही यादी मी १९८९ सालापासून करतो. बी.कॉम. झालेला, नागोठण्याजवळच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळणारा माणूस, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. तारीख, वार, घर, गीत कोण निवडणार, वचन कोण वाचणार, असे रकाने आखून मी ती तयार करतो. एका आठवड्यात एकाच आळीत दोन सभा येऊ देत नाही. कुणाच्या मुलाची परीक्षा असेल तर आधी विचारून घेतो. या यादीबद्दल माझं नेहमी कौतुकच झालेलं आहे.

त्या यादीतल्या एका नावाबद्दल मला लिहायचं आहे. बायजाबाई कान्हू हिलम, मुक्काम कासू. त्यांच्या नावापुढे घराच्या रकान्यात बावीस वर्षं मी एकच शब्द लिहीत आलो. देवळात.

बायजाबाई कातकरी. कासू स्टेशनावर उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की त्यांची वाडी लागते. नवरा कान्हू हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत मिठागरावर असायचा, डोक्यावरून मीठ वाहायचा. १९८६ साली त्याला ताप भरला आणि पेणच्या दवाखान्यात आणला. तिथे आमच्या मंडळीतल्या गिरजाबाई परिचारिका होत्या. त्यांनी कान्हूची सेवा केली, आणि बायजाबाई व त्यांचा तीन वर्षांचा नाथा बाहेर व्हरांड्यात बसलेले असत, त्यांना स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. कान्हू वाचला नाही. पण पुढच्या रविवारी बायजाबाई नाथाला कडेवर घेऊन देवळाच्या पायरीवर येऊन बसल्या. कुणी काय पाहिजे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ती डब्यावाली बाय कुटं हाय?"

दोन वर्षांनी त्यांचा बाप्तिस्मा झाला. नोंदवहीत नाव, अंदाजे वय, गाव हे सगळं मीच लिहिलं. त्या माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या निघाल्या. तरी मी त्यांना "अगं बायजा" म्हणत राहिलो, आणि त्या मला "सायेब". हे चुकीचं आहे असं त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही.

मंडळीने त्यांना देवळाची झाडलोट दिली. शनिवारी पॅसेंजरने यायच्या, फरशी पुसायच्या, बाकं पुसायच्या, रविवारी पहाटे घंटा द्यायच्या. वाचता येत नव्हतं, पण सगळी गीतं पाठ. त्या पेटीच्या एक ओळ पुढे गायच्या, त्यामुळे पेटीवाल्याचा कायम गोंधळ व्हायचा. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आम्हाला नारळाच्या झावळ्या महाग पडतात म्हणून त्या खाडीच्या बांधावरून शिंदीच्या तोडून आणायच्या, मोठा भारा करून, गाडीच्या दारात उभ्या राहून. जिभेनेही कमी नव्हत्या. आमचे कमळाकर मास्तर प्रवचनात हमखास डुलक्या घेतात. एकदा भक्ती संपल्यावर बायजाबाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, देव जागा हाय मास्तर, तुमी निजा खुशाल. मास्तर महिनाभर ताठ बसून प्रवचन ऐकत होते.

१९९१ च्या लेंटआधी त्यांनी मला विचारलं की त्यांच्या घरी सभा का नाही. मी म्हटलं, करू की. गुरुवारचा दिवस दिला. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्या आठवड्यात बाहेरगावी होते, म्हणून सभा मीच चालवणार होतो. आम्ही पंधरा जण संध्याकाळच्या गाडीने कासूला उतरलो. मी, माझी पत्नी वत्सला, कमळाकर मास्तर, गिरजाबाई आणि बाकीचे.

घर एका खोलीचं. कुडाच्या भिंती, जमीन ताजी सारवलेली, अजून थोडी ओली. शेजारून आणलेल्या गोधड्या अंथरल्या होत्या. प्रार्थना झाली, गीतं झाली, मी वचनावर दहा मिनिटं बोललो. मग बायजाबाईंनी चहा आणला. पंधरा कप, पंधरा बशा. कप ठेवता ठेवता त्या सांगत होत्या की कप स्टेशनावरच्या हॉटेलवाल्याकडून मागून आणलेत. पाणी स्टेशनाच्या नळाचं, हंड्याने आणलंय. दूध पेणवरून पिशवीचं आणलंय, शेळीचं नाय. साखर आणि पत्ती दुकानातली, पुडा आत्ताच फोडला.

त्या वेळी मला ते नुसतं बोलणं वाटलं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की त्या चहात त्यांनी स्वतःच्या घरचं काहीच ठेवलं नव्हतं. फक्त चूल त्यांची होती.

कप समोर होते आणि कुणी उचलत नव्हतं. मी आधी उचलला असता तर सगळ्यांनी उचलला असता, कारण सभा माझी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या कपाकडे बघितलं आणि मला ते जमेना. काय जमेना हे मी आता स्पष्ट लिहितो. कातकऱ्याच्या घरचा चहा मला पिववेना. आणि तोंडातून निघालं, "मी लेंटमध्ये चहा सोडलाय."

मास्तर लगेच म्हणाले, "मीसुद्धा." मग एकेक करत सगळ्यांनीच सांगितलं. वत्सलानेही. त्या खोलीत पाच मिनिटांत चौदा माणसांनी चहा सोडला. गिरजाबाई मात्र कुणाकडे न बघता आपला कप प्याल्या, आणि शेजारचा माझा होता तोही प्याल्या. बायजाबाई म्हणाल्या, "उपास हाय तर नको. देवाचं हाय ते." त्यांनी कप गोळा केले. परतताना मी मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या आजोबांबद्दल इथे लिहिलं पाहिजे. ते रोह्याचे. बाप्तिस्मा झाल्यावरही बाजारातल्या एका हॉटेलाबाहेर त्यांच्यासारख्यांसाठी वेगळी कपबशी खिळ्याला टांगलेली असायची. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की आपणच धुऊन परत टांगायची. वडील ही गोष्ट आम्हाला वर्षातून एकदा तरी सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. तो आवाज ऐकत वाढलेला मी, कासूच्या त्या खोलीत बसलो होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर वत्सलाने चहा टाकला आणि आम्ही दोघांनी तो घेतला. विषय तिथेच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी मास्तर आले आणि म्हणाले की तुमचा निश्चय मला फार आवडला, आपण तो पुरा करू. मास्तर बिचारे तिसऱ्याच दिवशी मोडले. मला मोडता येईना. रविवारी देवळात बायजाबाई समोर उभ्या असायच्या आणि कुणी चहा पुढे केला की सांगायच्या, "सायबांना नको, त्यांचा उपास." त्यामुळे ईस्टरपर्यंत मला चहा घेता आला नाही. पुढच्या वर्षी लेंट आला तेव्हा लोक धरूनच चालले होते की माधवराव चहा घेत नाहीत. असं करत करत ते माझं व्रत झालं. पहिले चार दिवस डोकं दुखायचं. वत्सला म्हणायची की डोकं तुमचं दुखतं आणि बोलणी आम्ही खातो. मंडळीतली तरुण मुलं माझं उदाहरण द्यायची. एका पाळकांनी प्रवचनात माझं नाव न घेता माझा दाखला दिला. मी मान खाली घालून बसलो, आणि ती माझी नम्रता समजली गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी मी घरसभेचे नियम लिहून काढले. सात नियम. चौथा असा की ज्या घरी किमान वीस जणांच्या बसण्याची सोय असेल तिथेच सभा घ्यावी. नसेल तर त्या कुटुंबाची सभा देवळात घ्यावी, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. कमिटीने एकमताने मान्य केला. पेणमधली दोन घरंही लहान होती. त्यांना मी शेजारच्या मोठ्या घरात जोडून दिलं. देवळात सभा फक्त एकाच नावाची व्हायची.

बायजाबाईंनी कधी तक्रार केली नाही. आपल्या सभेच्या दिवशी त्या देऊळ दोनदा पुसायच्या आणि पाहुण्यांचं स्वागत करावं तशा दारात उभ्या राहून प्रत्येकाला या म्हणायच्या. चहा मात्र पुन्हा कधी आणला नाही.

अशी बावीस वर्षं गेली. गिरजाबाई वारल्या. नाथा मोठा झाला, गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला, त्याचं लग्न मालू नावाच्या मुलीशी झालं. नाथा देवळात फारसा येत नसे. मालू मात्र सासूबरोबर यायला लागली, मागच्या बाकावर बसायची. २०१३ च्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा करायचा असं ठरलं होतं. बायजाबाई त्या आनंदात होत्या. तिच्यासाठी पांढरं पातळ घेतलंय, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

त्याच वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले. वयाने लहान, बोलायला मृदू. यादी वाचून त्यांनी मला एवढंच विचारलं की बायजाबाईंचं घर आता कसं आहे. मला सांगता आलं नाही. घरकुल योजनेतून त्यांना पक्कं घर झालं होतं हे मी ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. पाळक म्हणाले, मग एकदा बघून या, शक्य असेल तर यंदा तिथेच घेऊ.

मी शनिवारी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, फरशी बसवलेली. वीस जण सहज बसले असते. बायजाबाईंनी खुर्ची दिली. लेंट सुरू झाला होता, त्यामुळे चहाचं कुणी विचारलं नाही. मी यंदाची सभा घरी घ्यायची म्हणतोय असं सांगितल्यावर मालूचा चेहरा फुलला. बायजाबाईंनी तिला कसलं तरी निमित्त सांगून शेजारी पाठवलं आणि ती लांब गेल्यावर म्हणाल्या, "नको सायेब."

मी का म्हणून विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. वाडीतल्या बायका मालूला डिवचत होत्या की तुम्ही कितीही देवळात गेलात तरी ते तुमच्या हातचं पाणी पिणार नाहीत. त्यावर बायजाबाईंनी सुनेला शपथेवर सांगितलं होतं की आमच्या देवळात तसं काही नाही. सगळ्यांची सभा घरी होते आणि माझी देवळात होते, कारण मी देवळाची माणूस. मालूचा त्यावर विश्वास होता. आता सभा घरी घ्यायची म्हणजे चहा करावा लागणार, मालूच करणार, तिच्या हाताने देणार.

"तुमी प्याल बी यखादवेळी," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं तुमी सांगाल?"

मी विचारलं की तेव्हाचं तुझ्या लक्षात आहे का. विचारल्यावर माझं मलाच कळलं की हा प्रश्न मूर्खपणाचा आहे.

"म्यां कप धुतले व्हते सायेब. तेरा कप भरल्याले." मग म्हणाल्या, "झालं ते झालं. बोलू नका कुटं."

मालू परत आली. मी सभा यंदाही देवळातच ठेवू म्हणालो. मी स्टेशनावर आलो.

गाडीत आणि नंतर कितीतरी दिवस त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. झालं ते झालं. मला वाटलं, बायजाबाईंनी मला क्षमा केली. मोठ्या मनाची माणसं अशीच दोन शब्दांत क्षमा करतात, असं मी वत्सलालाही सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी बोलू नका म्हटलंय ना? मी म्हटलं, तो त्यांचा मोठेपणा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारापासून तीनपर्यंत भक्ती असते. वधस्तंभावरून ख्रिस्ताने सात वेळा उद्गार काढले, त्यांतल्या प्रत्येकावर मंडळीतला एकेक जण दहा मिनिटं बोलतो. ती यादीही मीच करतो. पाचवा उद्गार तहानेचा. तो गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. माझी टिपणं तयार असतात. शरीराची तहान, आत्म्याची तहान, आणि आपण तहानेल्याला काय देतो, असे तीन भाग. दर वर्षी मी तीच वाचत आलो.

त्या वर्षी मी टिपणं मिटून ठेवली आणि १९९१ ची गोष्ट सांगितली. तेरा भरलेले कप सांगितले. उपासाचं खोटं सांगितलं. चौथा नियम का केला तेही. माझ्या आजोबांची कपबशी सांगितली. नाव मी घेतलं नाही. "आपल्यातल्या एका भगिनीच्या घरी" असं म्हटलं. पण कासूला घर असलेली आणि बावीस वर्षं देवळात सभा होणारी भगिनी आमच्यात एकच होती. माझा आवाज भरून आला. पुढच्या बाकांवर बायका डोळे पुसत होत्या. मास्तर जागे होते आणि खाली बघत होते. मला फार हलकं वाटत होतं.

बोलत असतानाच मी मागच्या बाकाकडे बघितलं. मालू माझ्याकडे बघत नव्हती. ती मान वळवून सासूकडे बघत होती. बायजाबाई सरळ समोर, भिंतीवरच्या क्रुसाकडे. माझी तीन मिनिटं अजून बाकी होती आणि मी ती बोललो.

भक्ती संपल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. यंदाचं फार भिडलं माधवराव, असं कितीतरी जण म्हणाले. पाळकांनी पाठीवर हात ठेवला. मी दाराशी आलो तेव्हा बायजाबाई पायरीवर उभ्या होत्या, एकट्या. मालू फाटकाबाहेर पोचली होती.

"म्यां तुमाला बोलू नका म्हनलं व्हतं."

मी म्हणालो, मला वाटलं, तुम्ही क्षमा केली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना 'तुम्ही' म्हटलं, आणि तेही उशिरा सुचल्यासारखं वाटलं.

"ते निराळं," त्या म्हणाल्या. "ती पोर इस्वास ठेवून आली व्हती. माज्यावर. तुमच्यावर न्हाय."

ईस्टरच्या दिवशी बायजाबाई पहाटे आल्या, घंटा दिली, भक्तीला बसल्या, नेहमीसारख्या पेटीच्या एक ओळ पुढे गायल्या. मालू आली नाही. पांढरं पातळ घातलेलं कुणी त्या दिवशी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभं राहिलं नाही. भक्ती झाल्यावर बायजाबाईंनी देवळाची चावी माझ्या हातात दिली. आपण आता रोह्याच्या देवळात जाणार, असं त्या म्हणाल्या. कासूहून रोह्याला जायला तीच गाडी, फक्त उलट्या बाजूची. रागावलात का, असं मी विचारलं. नाय, म्हणाल्या. मालूचं मन हितं लागायचं नाय आता, तिकडं लागतंय का बघते.

रोह्याची मंडळी आमच्याहूनही लहान, अकरा घरं. भाड्याच्या खोलीत भक्ती होते. तिथे यादी नाही, नियम नाहीत. रविवारी जो हात वर करतो त्याच्या घरी पुढची सभा. हे मला पूर्वी फार अव्यवस्थित वाटत असे. त्या वर्षभरात मला बायजाबाईंची खबर इकडून तिकडून मिळत राहिली. रेल्वेत गँगमन असलेले काळुराम तिथले पुढारी. त्यांच्याकडून कळलं की सून सुरुवातीला बाहेर ओट्यावर बसायची, सासूची वाट बघत. पावसाळ्यात आत येऊन बसायला लागली. आमच्याकडे चौथा नियम रद्द झाला. ठराव मीच लिहिला. "जागेच्या अडचणीमुळे केलेला नियम आता आवश्यक नाही" असं मी लिहिलं होतं. पाळकांनी ते वाचलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तो कागद परत घेतला आणि खरं कारण लिहून दिला.

२०१४ च्या लेंटमध्ये काळुराम मला स्टेशनावर भेटले आणि सहज म्हणाले की येत्या गुरुवारी सभा कासूला आहे, बायजाबाईंकडे, सुनेनं हात वर केला होता, तुम्ही पेणवाले पण या. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. घरसभा सगळ्यांना खुली असते. मी वत्सलाला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला बोलावणं त्यांचं आहे का काळुरामचं? ती आली नाही. मी गेलो.

रोह्याकडून बारा जण आले होते. मी पडवीतल्या शेवटच्या माणसाच्या मागे बसलो. बायजाबाईंनी मला बघितलं आणि या म्हणाल्या, जशा देवळाच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या तशाच. नाथाही त्या दिवशी घरी होता. प्रार्थना झाली. बायजाबाई गायल्या. इथे पेटी नव्हती, त्यामुळे सगळे त्यांच्यामागून गात होते, आणि पहिल्यांदा गाणं बरोबर एकत्र चाललं होतं.

मग मालू चहा घेऊन आली. ट्रेमध्ये स्टीलचे पेले होते, घरचे, काही पोचे आलेले. तिने पहिला पेला काळुरामांसमोर धरला. दूध कुठलं, पाणी कुठलं, हे कुणी सांगितलं नाही. मालू वाकून उभी राहिली, आणि तिचे डोळे पेल्यावर नव्हते, त्यांच्या हातावर होते. बायजाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळेही तिथेच होते.

काळुरामांनी पेला घेतला, फुंकर मारली, घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी हाय गो, पोरी. सासूला इचारून घातलीस वाटतं."

लोक हसले. मालूही हसली, पदर तोंडाशी नेऊन. ती आत जाऊन साखर घेऊन आली. मग पेले भराभर गेले. कुणी दुसरा मागितला. कुणाच्या तरी लहान मुलाने बशीतून फुर्रकन ओढला. नाथा उगाच इकडून तिकडे फिरत होता.

मालू माझ्यापाशी आली. ट्रेमध्ये एक पेला उरला होता. ती थांबली. मी हात पुढे केला होता की नव्हता, मला नक्की आठवत नाही. मनात तर केलाच होता.

आतल्या दारातून बायजाबाईंचा आवाज आला. रागाचा नव्हता, टोमण्याचाही नव्हता. एखाद्या पाहुण्याची सवय घरातल्या नव्या माणसाला सांगावी तसा होता.

"त्यांना नको देऊ गो. सायबांचा लेंटमधी चहाचा उपास असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं. काळुराम म्हणाले, वा, अजून पाळता का, आमच्याच्यानं व्हायचं नाही. माझा उपास खोटा होता हे मी भर देवळात सांगितलं होतं, पण ते पेणला. इथे ते फक्त तिघांना माहीत होतं. बायजाबाईंना, मालूला आणि मला. खोटं आहे, द्या मला तो चहा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर का खोटं हे सांगावं लागलं असतं, आणि त्या पडवीत, त्या संध्याकाळी, ती गोष्ट पुन्हा उघडावी लागली असती. एकदा मी तसं केलं होतं.

मी मान हलवली. मालूने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेमधला तो शेवटचा पेला उचलून सासूकडे नेला. बायजाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि सगळ्यांसमोर सावकाश तो चहा प्याल्या.